जमिनीसकट विमान

‘व्हिक्टरी’ या विमानाबद्दल आधी एक गोष्ट सांगायला हवी. ते रुग्णवाहिका म्हणून बनलेलंच नव्हतं. डी हॅव्हिलंड कंपनीच्या डी.एच. 50 या जातीचं, चार प्रवासी बसतील असं ते साधं बायप्लेन होतं आणि मालकी क्वांटासची. 1928 साली ‘ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन’ या प्रेस्बिटेरियन चर्चच्या संस्थेने ते मैलाला दोन शिलिंग या दराने भाड्याने घेतलं आणि त्यात एक डॉक्टर बसवला. 17 मे 1928 रोजी ते क्वीन्सलँडमधल्या क्लोनकरी गावाहून उडून 85 मैलांवरच्या ज्युलिया क्रीकला उतरलं. पायलट होते आर्थर ॲफ्लेक, डॉक्टर केन्यन सेंट व्हिन्सेंट वेल्च. आज ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवेचं हे पहिलं उड्डाण. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर या सेवेचे जनक रेव्हरंड जॉन फ्लिन आहेत आणि त्यांच्यासोबत हे विमानही आहे. या विमानाचं मॉडेल करायचं काम आमच्या ब्रिस्बेनच्या वर्कशॉपकडे आलं, तेव्हा मी तसली एक नोट टेबलासमोरच्या बोर्डावर टाचणीने लावून टाकली. काम संपेपर्यंत ती खर्च करायची नाही, असं ठरवूनच.

मॉडेलं करण्यातच माझं आयुष्य गेलं. आधी बरीच वर्षं पुण्यात, बिल्डरांसाठी. ज्यांनी कुठल्या ना कुठल्या स्कीमच्या साइट ऑफिसात पाय ठेवला आहे, त्यांनी माझं नाही तर माझ्यासारख्या कुणाचं तरी काम पाहिलं असणार. काचेखाली पांढऱ्याशुभ्र इमारती, निळ्या ॲक्रिलिकचा स्विमिंग पूल, स्पंजची झाडं, आतून पेटणारे एलईडी. या मॉडेलांत इमारतीची मापं चोख असतात. तिथे खोटेपणा करायची कुणाची छाती नसते, कारण गिऱ्हाईक फ्लोअर प्लॅन मागतं. खोटेपणा असतो तो जमिनीत. रस्ता दीडपट रुंद होतो, शेजारचा नाला गायब होतो, मागची वस्ती हिरव्या लॉनखाली जाते. एका साहेबांना मी विचारलं होतं, “सर, इथून नाला जातो ना?” त्यांनी हसून उत्तर दिलं, “नाला दाखवायला तुम्हाला पैसे देतोय का मी?” मुद्दा बिनतोड होता. तेव्हापासून एक समज पक्की झाली की मॉडेल कशाचंही असो, त्यात काय ठेवलं यापेक्षा काय वगळलं हे पाहावं. ठेवलेलं सगळ्यांना दिसतं, वगळलेलं फक्त करणाऱ्याला माहीत असतं.

बायकोच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो आणि संग्रहालयांसाठी, शाळांसाठी मॉडेलं करणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मला काम मिळालं. विमानाचं काम दिलं ते एका छोट्या गावाच्या संग्रहालय समितीने. समितीत निवृत्त शिक्षिका, माजी मेंढपाळ, पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. पैसे बेताचे, उत्साह दांडगा. माप ठरलं 1:24. खऱ्या विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत 13 मीटरच्या किंचित वर, तो मॉडेलमध्ये 54 सेंटिमीटर होणार. लांबी नऊ मीटरच्या किंचित वर, ती झाली जेमतेम 38 सेंटिमीटर. मुलांना नाक काचेला लावून केबिनच्या खिडकीत डोकावता येईल, असं हे माप.

मोजायला समोर अस्सल विमान नव्हतं. होते ते फोटो आणि ड्रॉइंग. डी.एच. 50 मुळात फार बनलंच नाही, जगभरात मिळून अवघी 38. त्यांतली सात तर क्वांटासने लाँगरीचमधल्या आपल्या हँगरमध्ये परवान्यावर बांधली. पण या विमानाने नाव मोठं कमावलं. ॲलन कोबहॅम याच जातीच्या विमानाने 1924-25 च्या हिवाळ्यात लंडनहून हिंदुस्थानमार्गे रंगूनला जाऊन परत आला, आणि 1926 मध्ये लंडन ते ऑस्ट्रेलिया आणि परत असा प्रवास करून थेट वेस्टमिन्स्टरसमोर थेम्स नदीत उतरला. लांबचा पल्ला झेपणारं, दुरुस्तीला सोपं, बंद केबिनचं विमान म्हणून त्याची ख्याती होती.

पण फोटो समोर ठेवून तुकडे जुळवायला लागलो, तेव्हा त्या केबिनची खरी गंमत कळली. नाकाशी सहा सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं सिडली प्यूमा इंजिन. त्याच्या मागे प्रवाशांची बंद केबिन. आणि पायलट? तो केबिनच्याही मागे, उघड्या कॉकपिटमध्ये. म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण खिडक्यांच्या आत, सावलीत, आणि विमान चालवणारा बाहेर, उन्हावाऱ्यात, चष्मा लावून. त्याच्या पुढे इंजिन, केबिन आणि दोन पंख. सरळ समोरचं त्याला धड दिसायचंच नाही. बाजूने वाकून खाली पाहायचं आणि जमिनीवरच्या खुणा धरून जायचं. नदीचं कोरडं पात्र, कुंपणाची तार, टेलिग्राफचे खांब, गाड्यांची चाकोरी. रेडिओ नव्हता. दिशादर्शक म्हणून होकायंत्र, आणि नकाशे बेभरवशाचे. एकटा माणूस वाऱ्यात बसून जमीन वाचत चालला आहे, ही गोष्ट कुठल्याही पुस्तकाआधी मला त्या कॉकपिटच्या जागेने सांगितली. मॉडेल करण्याचा हा एक फायदा. खुर्ची कुठे आहे ते हाताने बसवावं लागतं, त्यामुळे त्या खुर्चीत बसणाऱ्याचं काय होत असेल, हे टाळता येत नाही.

पहिला वाद झाला तो तारखेवरून. समितीला पेटीत विमानाशेजारी पेडल रेडिओ हवा होता. मागणी रास्तच. ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगरने बनवलेला हा रेडिओ म्हणजे या सेवेचा दुसरा पाय. खुर्चीत बसून सायकलसारखे पेडल मारायचे, त्यावर जनरेटर फिरायचा, आणि त्या विजेवर शेकडो किलोमीटर दूरच्या तळाला संदेश जायचा. वीज नसलेल्या, टेलिफोन नसलेल्या घरातल्या बाईला पायांच्या जोरावर डॉक्टर बोलावता येऊ लागला. पण पहिला पेडल रेडिओ ऑगस्टस डाउन्स नावाच्या पशुपालन केंद्रात बसला तो जून 1929 मध्ये. पहिल्या उड्डाणानंतर वर्षभराने. ‘व्हिक्टरी’च्या अंगावर 1928 साली जी-एयूईआर अशी नोंदणीची अक्षरं होती. ऑस्ट्रेलियन विमानांच्या अक्षरांची सुरुवात ‘व्हीएच’ने होऊ लागली ती 1929 पासून, मग हेच विमान व्हीएच-यूईआर झालं. आता पहिली अक्षरं रंगवली, तर शेजारी रेडिओ ठेवता येत नाही. रेडिओ ठेवायचा, तर मग ते पहिल्या उड्डाणाचं विमान राहत नाही.

निवृत्त शिक्षिकेने विचारलं, “मुलांना एवढं कुठे कळणार आहे?” मी म्हटलं, मुलांना नाही कळणार, पण मुलं मोठी होतात. शिवाय रेडिओ नसणं हीच त्या दिवसाची खरी गोष्ट आहे. उडाल्यावर विमानाशी कुणीच बोलू शकत नव्हतं. ज्युलिया क्रीकची धावपट्टी ओली आहे की कोरडी, हे पायलटला आकाशातून दिसेल तेवढंच. समितीने विचार केला आणि शेवटी मे 1928 ठरलं. रेडिओ गेला दुसऱ्या पेटीत, स्वतःच्या तारखेसह.

रंगाच्या बाबतीत मी हात झटकले. काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंग ठरवणं धोक्याचं असतं, कारण त्या काळच्या बऱ्याचशा फिल्मवर निळा रंग फिका उतरायचा आणि लाल काळपट. फोटोत गडद दिसतं म्हणून काळं रंगवायचं आणि पुढे कळायचं की ते लाल होतं, असं मॉडेलकारांच्या जगात वारंवार घडतं. समितीतल्या पोस्टातल्या गृहस्थांनी कागदपत्रं चाळून रंग ठरवून दिले, मी ते लावले.

ही सेवा का लागली, हे समजून घेताना समितीच्या लोकांनी मला एक गोष्ट तोंडपाठ असल्यासारखी सांगितली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हॉल्स क्रीक परिसरात 1917 साली जिमी डार्सी नावाचा तरुण गुराखी घोड्यावरून पडून जबर जखमी झाला. मित्रांनी त्याला मैलोन् मैल वाहून गावात आणलं. गावात डॉक्टर नाही, पोस्टमास्तर टकेट यांना प्रथमोपचार येत. त्यांनी हजारो किलोमीटर दूर पर्थला, डॉ. हॉलंड यांना तार केली. उलटसुलट तारा झाल्यावर डॉक्टरांनी निदान केलं की मूत्राशय फाटलं आहे, आणि शस्त्रक्रिया लगेच करायला हवी. टकेट यांनी ती केली, खिशातल्या चाकूने, पोस्टाच्या इमारतीत, तारेवरून येणाऱ्या मोर्सच्या सूचना वाचत. मग हॉलंड स्वतः निघाले. गुरं नेणाऱ्या बोटीतून डर्बीपर्यंत, पुढे फोर्ड मोटारीतून, घोडागाडीतून, शेवटी पायी. ते पोचले त्याच्या आदल्या दिवशी डार्सी गेला. गेला तोही शस्त्रक्रियेने नाही, मलेरिया आणि दुसऱ्याच एका पोटातल्या दुखण्याने. डॉक्टर वेळेत पोचले असते तर कदाचित ते दुखणं ओळखता आलं असतं.

त्याच वर्षी क्लिफर्ड पील नावाच्या तरुण वैमानिकाने, जो आधी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी होता, फ्लिनना पत्र लिहून विमानाने डॉक्टर नेण्याची कल्पना मांडली. नुसती कल्पना नाही, खर्चाचा अंदाज आणि तळ कुठे असावेत याच्या हिशेबासकट. 1918 मध्ये तो फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. फ्लिननी ती कल्पना दहा वर्षं सांभाळली. पैसा उभा राहिला तो शेतीयंत्रांचे कारखानदार ह्यू व्हिक्टर मकाय यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या दोन हजार पौंडांमुळे. ‘व्हिक्टरी’ हे नाव त्यांच्याच नावातल्या ‘व्हिक्टर’वरून. मी पेन्सिलीने हिशेब मांडला. दोन हजार पौंडांचे चाळीस हजार शिलिंग. मैलाला दोन, म्हणजे ते पैसे उडण्याला पुरणार वीस हजार मैल. बस्स. तीही एक वर्षाची चाचणी म्हणून सुरू केलेली सेवा. पहिल्या वर्षात 50 उड्डाणं झाली, 26 ठिकाणी, आणि 225 रुग्णांवर उपचार झाले. या आकड्यांनी मी जरा बुचकळ्यात पडलो. आठवड्याला एखादं उड्डाण. म्हणजे बहुतेक दिवस हे विमान जमिनीवरच उभं.

एव्हाना पंखांचं काम चाललं होतं. बाल्सा लाकडाचे रिब, म्हणजे पंखाच्या फासळ्या, कापायचे, स्पारवर, म्हणजे पंखाच्या लांब दांडीवर, ओवायचे, वरून टिश्यू कागद चिकटवून डोप हे लुकण मारायचं. डोप सुकताना कागद ताणला जातो, आणि नीट धरून ठेवला नाही तर पंख पिळतो. कापडी पंखाच्या मॉडेलात सगळ्यांचा आवडता अतिरेक म्हणजे दोन रिबांमधला झोल. प्रत्येक रिब उठून दिसावा म्हणून लोक कापड इतकं खोल दाखवतात की पंख उपाशी कुत्र्याच्या बरगड्यांसारखा दिसतो. खऱ्या विमानाचं कापड ताठ असतं, आणि 24 पटींनी लहान केल्यावर तर तो झोल बोटाला लागला तरी पुष्कळ. आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणारे एक निवृत्त विमान मेकॅनिक होते. ते बोट फिरवून पाहायचे आणि फक्त एवढंच म्हणायचे, “हा उडेल.” किंवा काहीच म्हणायचे नाहीत, आणि मग मला पॉलिश पेपर हातात घ्यावा लागायचा.

वरचा पंख, खालचा पंख, मधले खांब, आणि मग ताणतारा. बायप्लेनची ताकद तारांच्या जाळ्यात असते. काही तारा उडताना पंख वर उचलला जाऊ नये म्हणून ओढून धरतात, काही उतरताना खाली पडू नये म्हणून. एक ताणली की बाकीच्यांचाही ताण बदलतो. मेकॅनिक म्हणाले, खऱ्या विमानावरही फिटर हेच करत बसायचा, धुळीत, उन्हात, प्रत्येक फेरीनंतर. “पायलटचं नाव नोटेच्या आसपास कुठेतरी येईल. तारा ताणणाऱ्याचं येत नाही.” ते रागाने म्हणाले नाहीत. व्यवसायाचा एक नियम सांगितला, इतकंच.

काम अर्ध्यावर असताना ख्रिसमसच्या सुट्टीत मी भाचीकडे गेलो. ती उत्तर-पश्चिम क्वीन्सलँडमधल्या एका लहान रुग्णालयात नर्स आहे. लातूरची पोर, नागपुरात शिकली, आता अशा ठिकाणी काम करते जिथे शेजारचं मोठं रुग्णालय म्हणजे विमानाचा प्रवास. महाराष्ट्रातून आलेली अशी डॉक्टर-नर्स मंडळी इथल्या आडगावांत बरीच आहेत. मी तिला मॉडेलचे फोटो दाखवले. तिने दोन बोटांनी मोठे करून पाहिले, कौतुक केलं आणि विचारलं, “मामा, पण यात धावपट्टी कुठंय?”

मी म्हटलं, विमानाचं मॉडेल आहे, विमानतळाचं नाही.

“तू विमान बघतोयस. आमच्यासाठी विमान हे शेवटचं असतं. ते दारात येईपर्यंत अर्धं काम झालेलं असतं.” मग ती सांगत गेली. दूरच्या एखाद्या स्टेशनवर, म्हणजे हजारो एकरांच्या गुरांच्या शेतावर, माणूस आजारी पडला की आधी फोनवर डॉक्टर. घरात औषधांची पेटी असते, तिच्यातल्या प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर नाव सांगत नाही, नंबर सांगतो. अमुक नंबरची गोळी दे. पोटात दुखतंय म्हटलं तर शरीराचा एक नकाशा असतो, त्यावरही नंबर. कुठे दुखतंय तो नंबर सांगायचा. ही पेटी 1942 पासून आहे, नकाशा त्यानंतरचा. मग विमान येणार असेल तर घरातलं कुणीतरी गाडी काढून धावपट्टीवरून एक चक्कर मारतं. कांगारू, गुरं हाकलायला. रात्र असेल तर दिवे मांडायचे. पूर्वी काही ठिकाणी डब्यात टॉयलेट पेपरचा रोल ठेवून त्यावर डिझेल ओतायचे आणि पेटवायचे, अशा डब्यांची रांग. वरून पायलटला तीच पट्टी. “आता किंग एअर येतं, पिलेटस येतं, आत सगळं आयसीयू असतं,” ती म्हणाली. “पण कांगारू हाकलणारा माणूस बदललेला नाहीये मामा.”

दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला. तिकडचा पावसाळा आपल्या हिवाळ्यात येतो. ज्युलिया क्रीकच्या आसपासचा भाग म्हणजे मिचेल गवताची अफाट सपाट मैदानं. जगाला ऑस्ट्रेलियाचं पोट लाल मातीचं वाटतं, समितीलाही मॉडेलखाली लाल मातीच हवी होती, पर्यटनाच्या पोस्टरमधली. पण या मैदानांची माती लाल नाही. करडी-तपकिरी, चिकण, उन्हात तळहात मावेल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात फुगून चिकट होणारी. मी गाडीतून उतरलो, चार पावलं चाललो आणि बुटाला जडजड गोळे लागले. माझं बालपण परभणीकडच्या काळ्या रानात गेलंय. ही माती माझ्या ओळखीची होती. शास्त्रज्ञ दोन्हीला एकाच वर्गात घालतात, हे मला नंतर कळलं. तळव्याला ते आधीच ठाऊक होतं. अशा मातीत पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतते आणि आजारी माणूस बाजेवर घालून चौघांच्या खांद्यावरून न्यावा लागतो, हे मी लहानपणी बघितलं आहे. इथेही रस्ते तसेच बंद होतात. आणि 1928 सालचं विमान उतरलं असतं तर तेही रुतलं असतं, कारण तेही शेवटी चाकांवरच उतरतं.

ब्रिस्बेनला परतताना हिशेब डोक्यात फिरत होता. 1:24 या मापात ज्युलिया क्रीक ते क्लोनकरी हे अंतर किती? 137 किलोमीटर भागिले 24. पाच किलोमीटर आणि सातशे मीटर. म्हणजे माझं मॉडेल काचेच्या पेटीत ठेवलं, तर त्याच मापाने त्याचा तळ गावाबाहेर कुठेतरी येईल. पेटीत विमान मावतं. ज्यासाठी ते विमान होतं ते अंतर मावत नाही. आणि अंतर वगळलं की उरतं ते एक देखणं, तारांनी ताणलेलं खेळणं. पुण्यातला साहेब आठवला. तिथे नाला वगळून इमारत विकली जायची, इथे अंतर वगळून विमानाची पूजा होणार होती.

मी समितीपुढे वेगळा प्रस्ताव ठेवला. इंजिनाचं झाकण उघडं दाखवायचं, आत प्यूमाचे सहा सिलिंडर बारीकसारीक दाखवायचे, असं ठरलं होतं. ते काम वेळखाऊ आणि महागडं. मी म्हटलं, झाकण बंद ठेवू, तो वेळ आणि पैसा जमिनीवर घालू. विमान क्लोनकरीत उड्डाणाच्या तयारीत नको, ज्युलिया क्रीकला उतरलेलं दाखवू. पहिल्या दिवशी तिथे शंभराहून अधिक माणसं पाहायला जमली होती. त्यांतली मोजकी दाखवू, सात-सात सेंटिमीटरची, आणि कुणीच विमानाला चिकटून फोटो काढायच्या पवित्र्यात नको. एक जण पट्टीच्या कडेला, नुकतीच गुरं हाकलून आलेला. एक पेट्रोलचे डबे घेऊन, कारण वाटेत इंधनाचे साठे तयार होईपर्यंत इंधनही विमानातूनच न्यावं लागायचं. बाकी मोकळी जमीन.

माजी मेंढपाळ इतका वेळ गप्प बसले होते. ते म्हणाले, “मोकळी म्हणू नका. ती कधीच मोकळी नव्हती.” क्लोनकरीचा परिसर मिटाकूडी लोकांचा. फ्लिन यांच्या मिशनवर आजही टीका होते ती हीच, की आतल्या भागातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांची काळजी घेताना मूळच्या रहिवाशांकडे त्यांनी पुरेसं पाहिलं नाही. मग त्या मोकळ्या जमिनीचं काय करायचं, यावर बैठक लांबली. माणसांच्या आकृत्यांत कुणाकुणाला घ्यायचं, हे शेवटी त्या भागातल्या मिटाकूडी ज्येष्ठांना विचारून ठरवायचं, असं ठरलं. त्यांनी सुचवलेल्या बदलांमुळे काम लांबलं, आणि मला ते आवडलं. पुण्यात मॉडेलमधल्या वस्तीबद्दल वस्तीला कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

माती करायला फार मजा आली. चाळलेला चिकणमातीचा पातळ थर प्लायवर ओतायचा, थोडा सरस घालून, आणि मग पंख्याखाली सुकू द्यायचा. भेगा आपोआप पडतात, पण फार मोठ्या. 1:24 मध्ये तळहाताएवढी भेग चार मिलिमीटरच्या आत हवी. सरसाचं प्रमाण वाढवलं की भेगा बारीक होतात. गवतासाठी मिचेल गवताचे बुंधे, मेमध्ये पिवळे पडू लागलेले, ताग पिंजून, रंगवून, एकेक रोवलेले. विमानाच्या चाकांमागे आणि शेपटीखालच्या स्किडमागे मातीत ओढलेल्या रेषा. स्किड म्हणजे चाक नसलेली पट्टी. ती जमिनीत रुतते, विमान थांबवायला मदत करते. मेकॅनिक वाकून बघत राहिले आणि या वेळी “हा उडेल” म्हणायच्या ऐवजी म्हणाले, “हा थांबला.”

मॉडेल आता त्या संग्रहालयात आहे. समितीने माझ्या आग्रहाने पाटीवर एक वाक्य लिहिलं: या मापात क्लोनकरी इथून पाच किलोमीटर सातशे मीटरवर आहे, आणि जवळचा डॉक्टर तिथे होता. उद्घाटनानंतर समितीकडून निरोप आला की मुलं विमान बघतात आणि मग ती पाटी वाचून बाहेर पळतात, पाच किलोमीटर म्हणजे कुठपर्यंत ते बघायला. एका शिक्षकाने तर वर्ग घेऊन तेवढं अंतर चालत नेलं. इंजिनाचं झाकण बंद का आहे, असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

‘व्हिक्टरी’ने या सेवेत 1934 पर्यंत काम केलं, एक लाखाहून अधिक मैल उडून. मग तिची जागा फॉक्स मॉथ या विमानाने घेतली. विमानं बदलत राहिली आणि पुढेही बदलतील. जी बदलली नाही ती व्यवस्था: कुठल्या तरी घरातली औषधांची पेटी, संदेश पोचवणारं यंत्र, कोरडी राखलेली पट्टी, ती साफ करणारा माणूस. फ्लिन यांना इनलँडवर सुरक्षेची पाखर घालायची होती. ती विमानाने घातली असं आपण म्हणतो, कारण विमान दिसतं. मला ती घालणारे हात जमिनीवर दिसले.

माझ्या धंद्यात त्यामुळे एक छोटा बदल झाला आहे. आता कुणी मॉडेलचं काम घेऊन आलं, जहाज असो, पूल असो, इमारत असो, की मी आधी माप विचारत नाही. विचारतो, त्याच्याखाली आणि आजूबाजूला किती जागा देणार. बहुतेक जण म्हणतात, जागा कशाला, वस्तू तर एवढीशी आहे. मग मी त्यांना बसवतो, चहा मागवतो, आणि मूळ वस्तू कुठे उभी होती, तिथली माती कसली होती, तिच्यापर्यंत पोचायला लोकांना काय करावं लागायचं, हे विचारायला लागतो. त्यात अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाचे मी पैसे लावतो.